मूळ फाइलला हात लावला कोणी?

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी मी ऑफिसात शिरलो आणि पाहतो तर बिल्ड मेलेली.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची ‘गुप्ते कंट्रोल्स’ कळव्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे आणि दवाखान्यांत लागणारे नंबरचे बोर्ड बनवते. ‘टोकन क्रमांक बारा, दार क्रमांक दोन’ असं ज्या बाईच्या आवाजात ऐकून तुम्ही दचकून उठता, ती बाई आमची. बोर्डातला प्रोग्राम वेगवेगळ्या फाइलींत लिहिलेला असतो. रोज सकाळी नऊला मोठं मशीन त्या सगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम तयार करतं, त्याला बिल्ड म्हणायचं. जोडणी करतो तो लिंकर. लिंकर हाही एक प्रोग्रामच, पण स्वभावाने सरकारी कारकून. कागद जुळले तर शिक्का, नाही जुळले तर फाइल तोंडावर.

मी अनिमेष, टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो.

त्या सकाळी पडद्यावर लाल अक्षरांत जे इंग्रजी आलं होतं त्याचा अर्थ एवढाच होता: ‘क्रमांक’ नावाची वस्तू ‘द्वार’ फाइलीत थ्रेड-लोकल आहे, ‘मूळ’ फाइल तिला साधी समजते. जुळत नाही. जोडणार नाही.

“वाट लागली,” दिपेश म्हणाला. दिपेश आमचा सगळ्यात हुशार कोडर, आणि हे तो स्वतःच रोज सांगतो. “अन्या, कोणीतरी ‘मूळ’ला हात लावलाय रे.”

‘मूळ’ म्हणजे आमच्या हरिहर गुप्तेसरांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेली पहिली फाइल. कंपनी तिच्यावर उभी राहिली असं सर मानतात. पाण्याच्या कूलरवर पाटी लावलेली आहे, ‘मूळ फाइलला कोणीही हात लावू नये.’ खाली सही. कूलर गळतो, त्याबद्दल पाटी नाही.

सर आले, बातमी ऐकली आणि मटकन खुर्चीत बसले. “कोण?” एवढंच विचारलं.

दिपेशने नोंदवही उघडली. म्हणजे कोणत्या फाइलीत कोणी, कधी काय बदललं हे मशीन आपोआप लिहून ठेवतं ती यादी. “काल, दोन ऑक्टोबर. ‘मूळ’मध्ये दोन ओळी वाढल्यात. नाव क्षिप्रा वैशंपायन. आणि ‘द्वार’मध्ये क्रमांक बदलला तोपण तिनेच, सोमवारी. सीधा मॅटर आहे, सर.”

नेमकी त्याच क्षणी क्षिप्रा दारातून आत आली. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, कामात तरबेज, बोलायला कंजूष. आज तिची चाचणीची, म्हणजे प्रोबेशनची, मुदत संपत होती. कायम केल्याचं पत्र मंदाकिनीबाईंनी टाइप करून ठेवलं होतं, फक्त सरांची सही राहिली होती. याआधीच्या दोन कंपन्या तिच्या डोळ्यांदेखत बंद पडल्या होत्या. ही तिसरी नोकरी टिकावी म्हणून ती किती जिवापाड काम करत होती ते मला माहीत होतं, कारण माझं निम्मं टेस्टिंगही तीच करायची.

“आज चारला विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात बोर्ड लागायचेत,” सर म्हणाले. “अडीचला गाडी निघते. आणि तुम्ही माझ्या ‘मूळ’मध्ये लुडबूड केलीत? दोन वाजेपर्यंत राजीनामा माझ्या टेबलावर हवा.”

मग त्यांनी पारदर्शक पॅकिंग टेप आणून क्षिप्राचा की-बोर्ड स्वतःच्या हाताने टेबलाला चिकटवून टाकला, वर सही केली. पुरावा म्हणे.

मी तिची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

“सर,” क्षिप्रा शांतपणे म्हणाली, “काल मी ऑफिसला आलेलेच नव्हते. मी आईबरोबर टेंभी नाक्याला होते, देवीच्या मिरवणुकीत.”

२

अकराला ठमाबाई आल्या.

ठमाबाई भोईर या आमच्या इमारतीच्या मालकीण. जिथे आमचं ऑफिस आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे आपण अजून आपल्याच बांधावर येतोय अशा थाटात त्या रोज अकराला येतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एसीखाली बसतात. ऑक्टोबरच्या उन्हात तर चुकत नाहीत. दिपेश त्यांच्या पुतण्याचा मुलगा. पण ठमाबाईंची खरी ओळख वेगळी आहे. कळव्यात भावाभावांत वाटणीवरून जुंपली की वकिलाआधी त्यांना बोलावतात.

“काय रं पोरांनो, कोन मेला काय?” त्यांनी आल्या आल्या विचारलं.

मी कुजबुजत सगळं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

“यो लिंकर कोन? नवीन मानूस ठेवला का?”

“माणूस नाही, काकी. मशीनच.”

“बरा. मंग ह्या पोरीनं नक्की काय केला ता सांग. मना समजंल असा सांग.”

मी सांगायला लागलो. दवाखान्याला तीन दारं. त्वचेचे डॉक्टर, हाडांचे आणि मुलांचे. आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक दाराचं काम एक वेगळा थ्रेड बघतो, म्हणजे एकाच वेळी तीन जण कामाला बसल्यासारखं. पण ‘क्रमांक’ तिघांत मिळून एकच होता. एका दाराने नंबर वाढवला की दुसऱ्याचाही वाढायचा. मागच्या महिन्यात एका दवाखान्यात मुरुमं दाखवायला आलेली मुलगी हाडांच्या डॉक्टरपुढे जाऊन बसली आणि त्यांनी तिचा गुडघा वाकवून पाहिला. क्षिप्राने सोमवारी ते दुरुस्त केलं. नाव एकच ‘क्रमांक’, पण प्रत्येक दाराचा आपापला वेगळा. यालाच थ्रेड-लोकल म्हणतात.

“म्हंजे वाटनी,” ठमाबाई म्हणाल्या. “जमिनीचा नाव एकच, पन परतेक भावाचा तुकरा वेगला.”

“अगदी बरोबर. पण ‘मूळ’ फाइल म्हणतेय की जमीन अजून सामाईक आहे.”

“मंग यो लिंकर शाना हाय.” त्यांनी मांडी ठोकली. “आमचे भिवाचा नि त्याचे भावाचा असाच झालता. एक कागद बोलं सामाईक, दुसरा बोलं वाटनी झाली. तलाठ्याना दोनी कागद परत फेकलं. बोल्ला, आदी तुमचा तुमी ठरवा. नि अख्ख्या गावानी शिव्या घातल्या कोनाला, त तलाठ्याला!”

भिवा म्हणजे त्यांचे यजमान. मी विचारलं, “मग पुढे काय झालं?”

“काय व्हवाचा? कनचा कागद कोनी नि कवा केला ता मी शोदून कारला.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एवढ्यात पलीकडून दिपेश ओरडला, “सर! पुरावा मिळाला! एकदम पक्का!”

३

सर केबिनमधून धावत आले. त्रेसष्टाव्या वर्षी ते फक्त ‘मूळ’साठी धावतात.

“हे बघा,” दिपेश म्हणाला. “मी सगळ्या फाइलींची एक कॉपी घेतली. त्यातून क्षिप्राचा सोमवारचा बदल काढून टाकला, क्रमांक पहिल्यासारखा सामाईक केला. आता जोडतो.” त्याने बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. जोडणी यशस्वी. “तिचं काढलं की एरर गेला. म्हणजे चूक तिची. खतम.”

“सिद्ध झालं,” सर म्हणाले. “हीच बिल्ड विठ्ठलवाडीला न्या.”

“सर, ही नका लावू,” क्षिप्रा म्हणाली. “मला काढा हवं तर. पण दारं परत एकमेकांत मिसळतील. लहान मुलाचा नंबर हाडांच्या दारावर जाईल.”

सर उत्तर द्यायच्या आत ठमाबाईंनी हाक मारली. “दिप्या, ए. दुसरा कागद फारून बगितलास का?”

“काय, आजी?”

“हिचा कागद फारलास, भांडन मिटला. आता हिचा तसाच ठेव नि मूलमदल्या त्या दोन वली कार. मंग बग.”

दिपेशने नाक मुरडलं, पण आजीपुढे त्याचं काही चालत नाही. त्याने क्षिप्राचा बदल परत घातला, ‘मूळ’मधल्या नव्या दोन ओळी काढल्या आणि बटण दाबलं.

हिरवी अक्षरं. जोडणी यशस्वी.

“कनचा पन एक कागद फारला त भांडन मिटताच,” ठमाबाई म्हणाल्या. “त्यानी कागद खोटा हाय असा नाय ठरत. पोरीनं तिचा काम सोमवारी केला. मंगल, बुद हा तुमचा लिंकर गप होता ना? मंग कालचे दोन वलींनी भांडन लावला. त्या कोनी लिवल्या तेवरा शोदा.”

मला टाळी वाजवावीशी वाटली. मंगळवारी आणि बुधवारी बिल्ड झाली होती, मीच तपासली होती, आणि इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

“पण त्या ओळीही वैशंपायनांच्याच नावावर आहेत,” सर म्हणाले.

“ओळी तरी काय, सर,” दिपेश हसला. “कॉलेजची पोरंपण असं लिहीत नाहीत. क्रमांक कसा आहे ते आपल्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं, सगळ्या फाइली तिथूनच घेतात. इथे हेडर घेतलंच नाही. हातानेच ठोकून दिलंय की बाहेर कुठेतरी ‘क्रमांक’ आहे आणि तो साधा आहे. आणि खाली क्रमांक बरोबर एक. कुठल्या गाढवाने लिहिलंय देव जाणे.”

“हाताने लिहिण्यात वाईट काय आहे?” सर जरा तुटकपणे म्हणाले. “आम्ही असंच लिहायचो.”

“तुम्ही बघा तरी एकदा त्या ओळी.”

“नाही. मला ते बघवणार नाही.” सर केबिनकडे वळले आणि दारातून म्हणाले, “मंदाकिनीबाई, वैशंपायनांच्या राजीनाम्याचा मसुदा तयार ठेवा. दोन वाजता सही.”

४

मंदाकिनीबाई ऑफिस सांभाळतात. कंपनी निघाल्यापासून त्या आहेत. त्यांच्या टेबलावर आता दोन कागद शेजारीशेजारी पडले होते. एकात क्षिप्रा कायम, दुसऱ्यात क्षिप्रा गेली. बाईंचे डोळे लाल झालेले दिसत होते.

“काल कोन कोन आलता?” ठमाबाईंनी त्यांना विचारलं.

“काल सुट्टी होती हो. अकराला यंत्रपूजा झाली तेवढीच. सर, मी, दिपेश आणि हा अनिमेष.”

“ह्या पोरीचे मशीनला कोनी हात लावला?”

“छे! पूजेच्या दिवशी यंत्राला काम देत नाहीत. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना फक्त मशीनं चालू ठेवून जायला सांगते मी. बंद यंत्राची पूजा बरी दिसत नाही.”

“नि पूजा कंच्या जागेवर?”

“क्षिप्राच्या टेबलाशी. पूर्वेकडे तोंड करून बसता येईल असं ऑफिसात तेवढं एकच टेबल आहे.”

दिपेशची साक्ष याहून लहान निघाली. “मी नारळ फोडला, पेढा खाल्ला, सुटलो. कोणाच्या मशीनला हात नाही लावला, आजी, तुझी शपथ. आणि मला टीम लीडर व्हायचंय, हे खरं आहे. पण त्याच्यासाठी मी ‘मूळ’ला हात लावीन? सर मला जिवंत सोडतील?”

“नि तू?” ठमाबाई माझ्याकडे वळल्या.

“मी दोन पेढे खाल्ले,” मी म्हणालो. हा माझा एकमेव गुन्हा होता आणि तो मी कबूल केला.

“म्हंजे चार मानसा होती नि मशीनला कोनी हात लावला नाय. नि वली आपोआप उगवल्या.” त्या उठल्या. “चल, मना ता मशीन दाखव.”

क्षिप्राचा की-बोर्ड टेपखाली होता. ठमाबाईंनी चष्मा लावला, कमरेत वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग इतर टेबलांवर एक फेरी मारली. माझं, दिपेशचं, मंदाकिनीबाईंचं. परत आल्या.

“समद्यांचे टीव्हीला वरशी कुकू लावलंय. बटनांना नाय. हिचेच बटनांना हाय. बग.”

मी टेपमधून पाहिलं. खरंच की. एकच्या आकड्यावर पुसट लाल बोट. कोडच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लागतो त्या अर्धविरामाच्या बटणावर. एंटरवर चांगलं ठसठशीत. आणि वरच्या रांगेत एफ-पाचवर एक.

“एफ-पाच कशाला?” मी दिपेशला विचारलं.

“तो माझा शॉर्टकट आहे ना. एफ-पाच दाबलं की उघडलेली फाइल कंपायलर तपासतो, आणि बरोबर असली तर सीधी नोंदवहीत टाकतो. ज्याचं मशीन त्याचं नाव.”

“मंदाकिनीबाई,” ठमाबाईंनी हाक मारली, “बटनांना तुमी कुकू लावलंव?”

“मुळीच नाही. दोन वर्षांपूर्वी लावलं होतं, तर दिपेशचा स्पेसबार चिकटून बसला. तेव्हापासून फक्त पडद्याला.”

क्षिप्रा सकाळपासून एका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. ती हळूच उठली. “माझं मशीन सरांनी मी बसायच्या आधीच बंद केलं,” ती म्हणाली. “आज मी एकही बटण दाबलेलं नाही.”

“तुजा नावच नाय घेत कोनी, बस गो बाय.” ठमाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. “अनिमेस, ती नोंदवही उगर. मूल फाइलीची. दिप्याना वरची एक वल वाचली. तू खालशी वाच.”

मी दिपेशच्या मशीनवर बसून यादी पार तळापर्यंत, म्हणजे नोंदवही सुरू झाली त्या वर्षापर्यंत, सरकवली आणि तिथलं नाव वाचून थबकलो.

“काकी,” मी म्हणालो, “इथे दिपेशचं नाव आहे.”

५

“काय फेकतो!” दिपेश उडालाच. “मी आयुष्यात ‘मूळ’ला हात लावलेला नाही!”

“दोन हजार एकवीस, पंधरा ऑक्टोबर,” मी वाचलं. “दिपेश. एक ओळ वाढवली.”

“हॅक आहे. हॅक केलंय मला कोणीतरी.”

“गप रं. वाच पुरं.”

“बावीस, पाच ऑक्टोबर, करिश्मा. एक ओळ. तेवीस, चोवीस ऑक्टोबर, परत करिश्मा. एक ओळ. मागच्या वर्षी बारा ऑक्टोबर, नयन. एक ओळ. आणि काल क्षिप्रा, दोन ओळी.”

म्हणजे ज्या फाइलला कोणी हात लावायचा नाही, तिला दर वर्षी कोणीतरी हात लावतच होतं. नयन आणि करिश्मा केव्हाच नोकरी सोडून गेले होते. त्यांना फोन लावावा का, असं मी विचारलं.

“कनाला? आदी सांग, ही समदी बसाची कंच्या टेबलावर?”

“याच्यावरच,” दिपेश क्षिप्राच्या टेबलाकडे बोट दाखवत म्हणाला. “आधी मी बसायचो. मग मला खिडकी मिळाली, तिथे करिश्मा आली. मग नयन.”

“मानसा बदलली, टेबल तोच. नि म्हयना पन तोच, तारका मातर वेगल्या. पंदरा, पाच, चोईस, बारा, दोन.” ठमाबाई बोटं मोडत होत्या. अचानक थांबल्या. “चोईस तारकेला आमचे नातीचा साखरपुरा झालता. दारान झेंडूचा तोरन होता. मंदाकिनीबाई, तुमचेकरं जुनी कॅलेंडरा असतीन.”

असणारच. मंदाकिनीबाई कुठलंच कॅलेंडर टाकत नाहीत. पानांच्या मागे त्या पाण्याच्या बाटल्या किती आल्या ते लिहितात. कपाटाच्या तळातून त्यांनी भेंडोळं काढलं, टेबलावर पसरलं आणि बोट ठेवून वाचायला लागल्या.

“एकवीस, पंधरा ऑक्टोबर... विजयादशमी.” पान उलटलं. “बावीस, पाच ऑक्टोबर... विजयादशमी.” पुढचं पान. “तेवीस, चोवीस ऑक्टोबर...” त्यांनी पान परत एकदा ताडून पाहिलं. “दसरा. चोवीस साली बारा ऑक्टोबर. दसरा.”

इंग्रजी तारखेने विखुरलेले ते पाच दिवस तिथीने एकच दिवस होते. आम्ही इतके शिकलेले, पण त्या यादीकडे पंचांग घेऊन पाहावं हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नसतं.

“दसऱ्याचे दिशी त्या टेबलाशी बसतो कोन, पूजेला?” ठमाबाईंनी विचारलं. “बोटांना कुकू कोनाचे?”

मंदाकिनीबाईंनी कॅलेंडर मिटलं आणि अगदी सावकाश केबिनच्या दाराकडे पाहिलं.

६

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही सगळे केबिनमध्ये शिरलो. सर पेनचं टोपण काढून तयार बसले होते.

“काल पूजेला बसून तुमी काय केलाव?” ठमाबाईंनी सरळ विचारलं.

“काय म्हणजे? मुहूर्त केला.”

“कसा?”

“दर वर्षी करतो तसा. ‘मूळ’ उघडायची, एक ओळ लिहायची, एफ-पाच दाबायचं.” सरांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. “तो मुहूर्त आहे. त्याला हात लावणं म्हणत नाहीत.”

म्हणूनच आम्ही कोणी तो मोजला नव्हता. आम्हा तिघांच्या डोळ्यांसमोर सरांनी त्या मशीनवर टाइप केलं होतं, मी तर त्यांचा फोटोही काढला होता, आणि कोणाच्या मशीनला कोणी हात लावला नाही असं आम्ही देवाशपथ सांगत होतो.

“पण सर,” दिपेश चाचरत म्हणाला, “तुम्ही तर नुसतं ‘श्री’ लिहिता ना? कॉमेंट म्हणून. कॉमेंट तर मशीन वाचतच नाही.”

“या वर्षी ‘श्री’ नाही लिहिलं.” सरांनी पेन खाली ठेवलं. “दोन ओळी लिहिल्या. क्रमांक एकपासून सुरू करायच्या. तुम्ही लोक सगळं शून्यापासून मोजता, ते मला पहिल्यापासून आवडत नाही. पण माझ्या ओळी बरोबर होत्या! एफ-पाच दाबलं, ‘यशस्वी’ असं आलं, मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून तर मला सकाळी वाटलं, माझ्यामागून कोणीतरी येऊन बिघडवलं.”

क्षिप्रा पहिल्यांदाच पुढे झाली. “सर, एफ-पाच म्हणजे नुसता कंपायलर. तो एका वेळी एकच फाइल बघतो. तुमच्या फाइलीत हेडर नव्हतं, म्हणजे क्रमांकाची वाटणी झालीय हे त्याला कळायला मार्गच नव्हता. तुम्ही सांगितलंत साधा आहे, त्याने विश्वास ठेवला. दोन्ही फाइली शेजारीशेजारी ठेवून पहिल्यांदा बघितल्या त्या आज सकाळी लिंकरने.”

“एकटा कागद बगितला त कवापन खराच वाटतो,” ठमाबाई म्हणाल्या. “तुमी खोटा नाय बोललंव, मास्तर. तुमाला वाटनी झाली ह्याच म्हाईत नवता.”

“आणि त्याने दुर्लक्ष करून जोडून दिलं असतं तर?” मी विचारलं.

“मग सरांचा एकचा आकडा नको त्या जागी जाऊन पडला असता,” क्षिप्रा म्हणाली. “आणि तो शोधायला आपल्याला महिना लागला असता.”

मग सर बोलले ते आमच्याशी नव्हे, बहुतेक स्वतःशीच. “बारा वर्षं झाली मी खरी ओळ लिहिलेली नाही. सह्या करतो, दवाखान्यांत जाऊन चहा पितो. दर दसऱ्याला ‘श्री’ लिहितो, ते मशीन वाचतही नाही. पंचवीस वर्षं झाली कंपनीला, तर वाटलं, एक तरी ओळ चालणारी असावी.”

त्यांनी मंदाकिनीबाईंनी आणलेला क्षिप्राच्या राजीनाम्याचा मसुदा ओढून घेतला, तिचं नाव खोडलं, स्वतःचं लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद मंदाकिनीबाईंपुढे सरकवला.

“हे काय हो?” बाई घाबरल्या.

“दोनपर्यंत राजीनामा हवा असं मीच म्हटलं होतं ना? ज्याने केलं त्याचा.”

“पण हा मंजूर कोण करणार? मंजुरीची सही मालकाची लागते.”

यावर कंपनीच्या नियमांत काहीच नव्हतं. दिपेशला हसू आवरेना म्हणून तो खोकायला लागला.

“सर, ते नंतर बघू,” क्षिप्रा म्हणाली. “गाडी अडीचला निघते. आधी ओळी दुरुस्त करायच्या आहेत.”

“दुरुस्त कसल्या? काढून टाका.”

“काढायच्या कशाला? क्रमांक एकपासून सुरू करणं बरोबरच आहे. शून्य नंबरचा पेशंट कुठे असतो? फक्त पहिल्या ओळीच्या जागी हेडर घ्यायचं, आणि दुसरी ओळ प्रत्येक दाराच्या थ्रेडने आपापल्या सुरुवातीला चालवायची. चला, तुम्हीच बसा. मी सांगते.”

मग हरिहर गुप्ते आपल्या पंचवीस वर्षांच्या कंपनीत एका चाचणीवरच्या मुलीशेजारी बसले आणि ती सांगेल ते बटण दाबत गेले. टेप त्यांनीच फाडला. मधेच त्यांनी विचारलं, हेडरचं नाव कागदावर लिहून ठेवू का. ती म्हणाली ठेवा. नोंदवहीत या वेळी नाव त्यांचंच घातलं, आणि ‘तपासलं कोणी’ या जागी क्षिप्राचं. लिंकरला दोन्ही कागद दाखवले. त्याने काही कुरकुर केली नाही.

निघताना सरांनी मंदाकिनीबाईंच्या टेबलावरचं दुसरं पत्र उचललं, उभ्या उभ्या सही केली आणि क्षिप्राच्या हातात दिलं. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मी तिला म्हणालो की सकाळी मी गप्प बसलो ते चुकलंच माझं. ती म्हणाली, “हो, चुकलं.” मला बरं वाटलं, कारण ते खरं होतं.

७

विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात चार वाजता तिन्ही दारांवर बोर्ड लागले. डॉक्टरबाईंनी स्वतः उभं राहून पाहिलं. त्वचेच्या दारावर नंबर सातपर्यंत गेला, हाडांच्या दारावर तीनच राहिला, आणि मुलांच्या दारावर दोन, कारण आत एक पोरगं इंजेक्शनला तयार नव्हतं. कोणाचा आकडा कोणाला धक्का लावत नव्हता.

“अरे वा!” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मागच्या बोर्डांनी जीव नकोसा केला होता. हे केलं कोणी?”

हा प्रश्न सरांना प्रत्येक दवाखान्यात विचारतात, आणि सर दर वेळी छातीवर हात ठेवून ‘आम्ही’ असं म्हणतात. त्या दिवशीही हात छातीपर्यंत गेला. मग त्यांनी तो खाली घेतला.

“क्षिप्रा वैशंपायन,” ते म्हणाले. “ही बघा. आज सकाळी मी हिला काढायला निघालो होतो. चूक माझी होती.”

क्षिप्राचे डोळे भरून आले. सकाळपासून तिने एक टिपूस काढलं नव्हतं, आणि आता सगळ्या पेशंटांसमोर ती रडली. एका आजींना वाटलं हिलाच इंजेक्शन दिलंय. त्यांनी तिला बाकावर जागा करून दिली.

“त्यातली एक ओळ सरांची आहे,” क्षिप्रा डोळे पुसत डॉक्टरबाईंना म्हणाली.

डॉक्टरबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या हसल्या आणि पेशंट बघायला आत गेल्या. सर मात्र त्या आजींच्या शेजारी बाकावर बसले. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी उठले नाहीत, आणि पार पाच वाजेपर्यंत तिन्ही दारांचे आकडे बघत राहिले.